स्टुडिओत स्वच्छ, मांडवात ‘घूं’ : अल्बमच्या शेवटच्या मिक्समध्ये वर येणारं हमिंग कसं शोधायचं, कसं काढायचं

लक्षण दर वेळी सारखंच. पेटी, ढोलकी, खंजिरी, बेंजो, कीबोर्ड, कोरस, सगळं रेकॉर्ड झालं आणि पाच इंची मॉनिटरवर मिक्स स्वच्छ वाजतंय. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गावातल्या साउंडवाल्याच्या डबल बेस स्पीकरवर लावली की गाणं सुरू व्हायच्या आधीच ‘घूं’ ऐकू येतं. दोन ओळींच्या मधे येतं, आणि शेवटी पेटीचा सूर विरतो तिथे तर फारच ठळक. सगळे साउंडवाल्याच्या वायरला दोष देतात. आधी एवढंच करा : गाणं पॉज करा. पॉज केल्यावरही घूं चालू राहिलं तर दोष मांडवातल्या सेटमध्ये आहे. थांबलं तर ते तुमच्या फाइलमध्ये आहे.

स्टुडिओत का ऐकू आलं नाही

हमिंग मिक्समध्ये तयार होत नाही, रेकॉर्डिंगलाच आत आलेलं असतं. मिक्समध्ये ते फक्त उघडं पडतं. ते विजेच्या लाईनमधून येतं, आणि आपल्याकडची लाईन ५० हर्ट्झची. पाच इंची मॉनिटरचा आवाज साधारण ५० हर्ट्झच्या आसपास उतरत जातो आणि मोबाइलवर तर तो भाग वाजतच नाही. अठरा इंची बेस मात्र नेमका तोच भाग जोरात वाजवतो.

दुसरं कारण बेरजेचं. एका गायकाच्या ट्रॅकवर हमिंग −६५ डेसिबलला असेल तर ते कुणाला जाणवत नाही. असे १६ ट्रॅक वेगवेगळ्या वेळी घेतलेले असले तर बेरजेत ते साधारण १२ डेसिबलने वाढतं. सगळे एकाच वेळी, एकाच दोषातून घेतले असतील तर हमिंगच्या लाटा एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि वाढ २४ डेसिबलपर्यंत जाते. त्यावर कंप्रेसर (हळू आणि जोराचा आवाज सारखा करणारा) आणि शेवटचा लिमिटर (आवाज ठरलेल्या उंचीवर अडवणारा) मिळून आणखी १२-१५ डेसिबल उचलतात. −६५ चं −४० आणि त्याहून वर कधी गेलं ते कळतही नाही, कारण ते हळूहळू चढतं आणि कान सवयीचे होतात.

काळी एकमध्ये गाणाऱ्यांना हे जास्त टोचतं, त्यालाही कारण आहे. ५०, १०० आणि २०० हर्ट्झ हे पांढरी पाचच्या जवळचे सूर आहेत. काळी एकचा सा धरला तर तिथे तीव्र मध्यम येतो. म्हणजे सगळं गाणं चालू असताना खाली एक तीव्र मध्यम अखंड धरून ठेवल्यासारखा राहतो. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे हमिंग सा च्या जवळ असतं, पण सुमारे ३५ सेंट चढं (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). पेटीचा खर्ज ९८ हर्ट्झचा आणि हमिंग १०० चं, त्यामुळे सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. पेटी बेसूर आहे असं वाटून ट्यूनिंगवाल्याकडे नेण्याआधी हे तपासा.

आधी जात ओळखा

प्रत्येक चॅनलवर, गाताना जेवढा गेन होता तेवढाच ठेवून, कुणीही न गाता-वाजवता ३० सेकंद रेकॉर्ड करा. या रिकाम्या ट्रॅकवर स्पेक्ट्रम दाखवणारा प्लगइन लावा. एफएफटी साइज (किती बारकाईने मोजायचं ते सेटिंग) १६३८४ ठेवा, नाहीतर ५० आणि १०० चे खांब वेगळे दिसत नाहीत.

५०, १५०, २५० असे विषम खांब उंच असतील तर अर्थिंगचा घोळ, वायर किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. १००, २००, ३०० उंच असतील तर कुठल्यातरी ॲडॉप्टरचा किंवा अँप्लिफायरचा फिल्टर कॅपॅसिटर थकलेला आहे. खांबांची रांग थेट दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंत गेली आणि आवाज ‘घूं’ ऐवजी ‘झर्रर्र’ असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर.

गायकाचा सूर −१२ डेसिबलच्या आसपास पोचत असताना रिकामा ट्रॅक −७० च्या खाली राहिला तर पुढे जा. −६० ला दिसला तर तिथेच थांबा. अल्बम पुरा करायची कितीही घाई असली तरी −६० वर अख्खं रेकॉर्डिंग करणं म्हणजे शेवटचे आठ दिवस फक्त साफसफाईत घालवणं.

मॉनिटरमधून येणारं हमिंग आणि फाइलमधलं हमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इंटरफेसपासून (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) मॉनिटरपर्यंतच्या वायरीत येणारं हमिंग फाइलमध्ये जात नाही. पण ते फाइलमधल्या हमिंगवर पांघरूण घालतं, म्हणून ते आधी काढायचं. ही सगळी तपासणी हेडफोनवरच करा.

उपसण्याचा क्रम

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. यूएसबीवर चालणारा इंटरफेस, हेडफोन आणि एक माइक, एवढंच ठेवा. मॉनिटर, कीबोर्ड, हार्ड डिस्क, सगळ्याच्या वायरी फक्त बंद न करता काढून टाका. हमिंग गेलं तर एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यानंतर ते परत येईल तिथे दोष.

बहुतेक वेळा तो चार्जरवर सापडतो. दोन पिनच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला बोट हलकं फिरवलं तर झिणझिण्या येतात. मल्टिमीटर लावला तर लॅपटॉपची बॉडी आणि अर्थ यांच्यात ९० ते ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी किरकोळ असतो, पण तो जमिनीत जायला वाट शोधतो आणि ती वाट तुमच्या माइकच्या वायरीतून मिळते. मॉडेलला चालणारा तीन पिनचा चार्जर घ्या, नाहीतर टेकच्या वेळी बॅटरीवर काम करा.

बॅटरीवरही हमिंग राहिलं तर माइक आणि वायर उरतात. माइक काढून त्या जागी नकली माइक लावा : एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाखला की झाला. नकली माइकवर हमिंग गेलं तर दोष माइकमध्ये आहे, किंवा माइक खरोखरचा आवाज ऐकतोय. गावातली डीपी खिडकीपासून जवळ असेल तर तिचा १०० हर्ट्झचा आवाज हवेतूनच येतो. खिडकीला गोधडी लावून परत मोजा, उत्तर मिळेल. नकली माइकवरही राहिलं तर वायर.

अर्थिंग

इथे वेळ द्या, कारण विदर्भातल्या गावांत अर्ध्याहून जास्त भांडण इथलंच असतं. घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे काही जोडलेलंच नसतं. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी न्यूट्रलच अर्थच्या भोकाला जोडून दिलेला असतो. डीपीपासून येणारा न्यूट्रल कुठे तुटला तर अशा घरात मॉनिटरची, इंटरफेसची आणि माइकची जाळी थेट फेजवर येते. गायकाचे ओठ त्या जाळीला टेकलेले असतात. असं जोडकाम दिसलं तर रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा.

मोजणी मल्टिमीटरने, एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ लोड चालू असताना २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये १०-२० व्होल्ट दिसले तर अर्थ कोरडा आहे किंवा न्यूट्रलचा कुठला तरी सांधा सैल आहे. अगदी शून्य दिसलं तर खूश होऊ नका, न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडलेले नाहीत ना ते उघडून बघा. फेज-अर्थ १००-१५० असा हलता आकडा दाखवत असेल तर अर्थ तुटलेला आहे. बल्ब लावून करायची चाचणी वायरमनकडूनच करून घ्या. अर्थ तुटलेला असला तर त्या वेळी घरातल्या सगळ्या बॉड्यांत करंट येतो.

नवा खड्डा करायचा तर ४० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय पाइप उभा पुरायचा, भोवती मीठ आणि कोळशाचे थर आणि वर पाणी ओतायला नाळकं. काळ्या मातीचा स्वभाव इथे आडवा येतो. ओली असली की तिच्यासारखा अर्थ नाही, पण मार्चपासून ती आकसते, भेगा पडतात आणि पाइपपासून सुटते. १४ एप्रिलसाठी काढायचे भीमगीतांचे अल्बम नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये रेकॉर्ड होतात. पावसाळ्यात स्वच्छ असलेला स्टुडिओ तेव्हा घूं करायला लागतो आणि सगळे नव्या इंटरफेसला शिव्या देतात. नाळक्यातून आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडा, रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री आणखी एक. मीठ पाइप खातं, म्हणून नवीन खड्ड्यात बेंटोनाइटची पूड वापरणं जास्त चांगलं. ती ओल धरून ठेवते. मुरूम किंवा खडक दोन-अडीच हातांवरच लागत असेल तर एका खोल खड्ड्याच्या मागे लागू नका. तीन मीटर अंतरावर दोन खड्डे करून ते जाड पट्टीने जोडा.

सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. आणि कुणी कितीही सांगितलं तरी हमिंग घालवायला मॉनिटरची किंवा अँप्लिफायरची अर्थ पिन तोडू नका. हमिंग जातं हे खरं, पण पुढचा दोष माणसाच्या अंगातून जमिनीत जातो.

अर्थ नीट झाला की स्टुडिओतलं सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा. लॅपटॉप, इंटरफेस, दोन मॉनिटर आणि कीबोर्ड मिळून ५०० वॅटच्या आतच असतात, एका सॉकेटवर आरामात चालतं. कूलर मात्र दुसऱ्या बोर्डावर. त्याच्या पत्र्याला हात लावल्यावर करंट जाणवत असेल तर तीही अर्थची तक्रारच आहे. टेकच्या वेळी कूलर आणि पंखा बंदच. गायकांना त्रास होतो म्हणून पहाटे पाच ते नऊ रेकॉर्डिंग ठेवलेलं बरं. तेव्हा व्होल्टेजही बऱ्याच गावांत स्थिर असतं.

वावरातल्या खोलीत, शेतीच्या लाईनवर स्टुडिओ असेल तर थ्री फेज आली की एकामागून एक मोटारी सुरू होतात आणि व्होल्टेज दणकन पडतं. रिले असलेला स्टॅबिलायझर तेव्हा ‘खट्’ करतो आणि ते ‘खट्’ ट्रॅकवर येतं. अशा ठिकाणी साइन वेव्हचा इन्व्हर्टर चार्ज करून ठेवायचा आणि टेक बॅटरीवर घ्यायचे. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर दिव्या-पंख्याला ठीक, माइकजवळ नको. जनरेटरवर रेकॉर्डिंग करूच नका, त्याची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे हलते आणि मग ते हमिंग कुठल्याच फिल्टरला सापडत नाही.

वायरी

एक्सएलआरमध्ये १ नंबर जाळी (सिग्नलच्या तारांभोवतीचं विणलेलं आवरण), २ आणि ३ सिग्नल. तयार विकत मिळणाऱ्या स्वस्त वायरींत ३ नंबर पिन १ ला डाखलेली सापडते. दोन मीटरवर ती चालून जाते, पंधरा मीटरवर अँटेना होते. मल्टिमीटरच्या बीपवर १-१, २-२, ३-३ वाजलं पाहिजे आणि १-३ वाजता कामा नये. इंटरफेसपासून मॉनिटरला दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जॅक) असलेली वायर लागते, मोनो पी-३८ नको. लाईनची वायर आणि माइकची वायर शेजारी-शेजारी नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

बेंजो आणि कीबोर्ड

बेंजोचा पिकअप बहुतेक एकाच गुंडाळीचा असतो. तो तारेचं कंपन जेवढं पकडतो तेवढंच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो, त्याला अर्थिंग काही करू शकत नाही. वादकाने बेंजो मांडीवर तसाच ठेवून स्वतः हळूहळू गोल फिरायचं. एका दिशेला हमिंग जवळजवळ नाहीसं होतं, तिथे बसायचं आणि जमिनीवर खडूने खूण करून ठेवायची. चार्जर, स्टॅबिलायझर आणि अँप्लिफायर बेंजोपासून किमान दीड-दोन मीटर लांब. तारांना हात लावल्यावर झर्रर्र वाढत असेल तर तारांचा खिळा पिकअपच्या जाळीला जोडलेला नाही. एक पातळ वायर डाखून द्या.

कीबोर्डचं आउटपुट थेट इंटरफेसला न देता ट्रान्सफॉर्मरच्या पॅसिव्ह डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल माइकच्या वायरीवर नेणारा डबा) द्या. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण निर्धास्त वापरा, ते फक्त ऑडिओच्या वायरीची जाळी सोडतं, लाईनचा अर्थ नाही. तरीही १०० हर्ट्झ उरलं तर कीबोर्डचा ॲडॉप्टर बदला. व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

मोबाइल सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर. जिथे रेंज कमी तिथे फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो, आणि तो ‘टिर-टिर-टिर’ कुठलाही प्लगइन पुसत नाही.

जे रेकॉर्ड झालंय त्याचं काय

आधी ठरवा, काय पुन्हा घ्यायचं. बेस गिटार आणि कीबोर्ड यांच्यावर हमिंग असेल तर पुन्हाच घ्या. बेसचा खालचा पांढरी पाच ४९ हर्ट्झचा आहे, ५० काढायला गेलात तर तो सूरच जातो. ढोलकीच्या धुम्म्याचा घुमारा शंभरच्या आसपास असतो, तिथेही नॉच (एकच ठरलेली फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावायचा नाही. गेट (थाप नसताना आवाज आपोआप खाली करणारा प्लगइन) लावा, उघडायला १ मिलिसेकंद, धरून ठेवायला ८०-१००, सोडायला १५०, आणि पूर्ण बंद न करता फक्त १२ डेसिबल खाली. थापेखाली हमिंग झाकलं जातं.

गायकांच्या ट्रॅकवर क्रम असा : हाय पास (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा फिल्टर), नॉच, नॉइज रिडक्शन, मगच कंप्रेसर आणि रिव्हर्ब. कंप्रेसरनंतर साफसफाई केली तर हमिंगची उंची प्रत्येक शब्दाला बदलते आणि प्लगइनला ते सापडत नाही. पुरुषी आवाजाला हाय पास ९० हर्ट्झवर, उताराला २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, एवढ्यानेच ५० चं हमिंग २० डेसिबलच्या आसपास उतरतं. बाईच्या आवाजाला आणि कोरसला १२०-१५०, टाळांना ३००.

मग १००, १५०, २००, २५० वर अरुंद नॉच, क्यू (जेवढा जास्त तेवढा नॉच अरुंद) ३० आणि कपात १२ ते १८ डेसिबल. स्पेक्ट्रममध्ये खांब दिसतो तिथेच, पुढे रांगेत लावत जाऊ नका. क्यू ३० ला १५० वरचा नॉच १४७.५ ते १५२.५ एवढाच भाग खातो. तरी काळी एकच्या गायकाचा मंद्राजवळचा कोमल रिषभ १४६.८ ला आहे, तो सूर लांब धरलेला असेल तर त्या जागी नॉच ऑटोमेशनने बंद करा. क्यू १०० पर्यंत नेऊ नका. ग्रिडची फ्रिक्वेन्सी साधारण ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात फिरते, दहाव्या खांबापर्यंत तो फरक दहापट होतो आणि फार अरुंद नॉच चुकतो.

नॉइज रिडक्शनला नमुना त्याच टेकमधल्या शांत जागेतून घ्या, दुसऱ्या दिवसाच्या टेकमधून नाही. एका फेरीत ८ ते १० डेसिबल, पुरे. ३० डेसिबल ओढलं की ‘स’ आणि ‘श’ पाण्यातून आल्यासारखे ऐकू येतात, आणि खंजिरीच्या झांजा मेल्यासारख्या होतात.

ओळींमधल्या मोकळ्या जागा कापायचं काम यानंतर. आधीच कापलं तर गाताना घूं, थांबल्यावर शांत, परत घूं, असं चालू-बंद ऐकू येतं आणि ते सलग हमिंगपेक्षा जास्त खटकतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला १५-२० मिलिसेकंदचा फेड.

मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर) नॉच लावायचा मोह होतो, कारण एका ठिकाणी लावून सुटका होईल असं वाटतं. नका लावू. तिथे तो ढोलकी, बेस आणि पेटीचा खर्ज एकदमच खातो, आणि मग मांडवात घूं नसतं पण जोरही नसतो.

उरतं गाण्याचं शेपूट. पेटीचा शेवटचा सा विरताना त्याच्याखालचं हमिंग उघडं पडतं, म्हणून तिथे वेगळी युक्ती : शेवटच्या तीन-चार सेकंदांत हाय पासची फ्रिक्वेन्सी ऑटोमेशनने ९० वरून २५० पर्यंत चढवत न्या आणि सोबत फेड आउट द्या. काळी एकचा मधला सा २७७ वर आहे, तो टिकून राहतो आणि त्याच्याखालचं सगळं निघून जातं. गाण्याच्या सुरुवातीला पहिल्या सुराच्या १० मिलिसेकंद आधीपर्यंत पूर्ण शांतता ठेवा.

लिमिटर लावण्याआधी मास्टर १२ डेसिबल वर करून हेडफोनवर फक्त सुरुवाती, शेपटं आणि अंतऱ्याआधीच्या जागा ऐका. मग ट्रू पीक −१ ठेवून दोन फाइली काढा : स्ट्रीमिंगसाठी −१४ एलयूएफएसच्या (सरासरी जोराचं माप) आसपास, आणि मांडवासाठी −१०, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट वेव्ह. दुसरी फाइल पेनड्राइव्हवर घालून गावातल्याच डबल बेसवर, लोक जमायच्या आधी, सगळ्या गाण्यांची शेपटं लावून बघा. एखाद्या गाण्यात अजून घूं आलं तर पूर्ण मिक्स उघडू नका. ट्रॅक एकेक सोलो करून ५० आणि १०० वर स्पेक्ट्रम बघत जा, बहुतेक वेळा एखादा म्यूट करायचा राहिलेला रिकामा माइकच सापडतो.